गोऱ्ह्याचं काय करायचं?

आमच्या बिलोलीकडे गाय दुधासाठी ठेवत नसत, बैलासाठी ठेवत. हे पुण्या-मुंबईच्या मित्रांना सांगितलं की ते हसतात. त्यांना वाटतं मी काहीतरी विनोद करतोय. पण आमच्याकडच्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. गाय व्यायली की पहिला प्रश्न 'दूध किती?' हा नसायचा, 'काय झालं?' हा असायचा. गोऱ्हा झाला म्हटलं की चेहरे उजळायचे. कालवड झाली तरी तक्रार नसे, कारण ती पुढे गोऱ्हे देणार. दूध हे या सगळ्या व्यवहारातलं वरकड. आधी वासराचं पोट, मग उरलं तर लेकरांना, घरातल्या आजाऱ्याला, आणि चहा आल्यापासून चहाला. ताक गल्लीत फुकट जायचं. दूध मापाने विकायचं ही गोष्ट आमच्या आजीला शेवटपर्यंत पटली नव्हती.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे धाकटा भाऊ. घरची शेती तोच बघतो. गेली दोन वर्षं त्याने एकच विषय लावून धरलाय, कर्ज काढून दहा एचएफ गाई घ्यायच्या. रोज रात्री फोनवर एखादा व्हिडिओ येतो. कधी पंजाबचा गोठा, कधी इस्रायलचा, कधी आपल्या मंचरचा. शेवटी म्हटलं, चल बाबा, एकदा डोळ्यांनी बघूनच येऊ. गेल्या हिवाळ्यात भाऊ, मी, थोरले काका (वय वर्षं ७८, पण गुरांचा विषय निघाला की ३०) आणि नात्यातला एक पशुवैद्य असे चौघं जाऊन आलो. त्याबद्दल सांगतोच. पण आधी थोडं मागे जावं लागेल, कारण मंचरचा गोठा काही आभाळातून पडलेला नाही.

आधी आमच्याकडची जनावरं. नांदेड-लातूरच्या पट्ट्यात गाईच्या दोन जाती नावाजलेल्या, लाल कंधारी आणि देवणी. लाल कंधारी कंधारची. चौथ्या शतकात कंधारच्या सोमदेवराय राजाने ती जोपासली असं सांगतात, आणि पशुवैद्यकाच्या पुस्तकांतसुद्धा हे छापलेलं असतं. चौथ्या शतकातलं गाईंचं रजिस्टर कुणी पाहिलंय देव जाणे! पण गर्द तांबड्या रंगाची, उन्हाला न हटणारी ही जात जुनी आहे एवढं खरं. देवणी लातूर जिल्ह्यातली, पूर्वीच्या उदगीर तालुक्यातली. तिच्यात पुन्हा तीन तऱ्हा: पांढऱ्या अंगाची नि काळ्या तोंडाची वानेरा, पांढरीशुभ्र बालंक्या, आणि पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली शेवरा. दूध म्हणाल तर लाल कंधारी एका वेतात सरासरी ६०० किलोच्या आसपास, देवणी साधारण ८५० किलो. दिवसाला दोन-तीन लिटर समजा. ज्या कुणी या जाती घडवल्या त्यांना दूध नकोच होतं. त्यांना हवा होता तो काळ्या चिकट रानात, पेरणीच्या घाईत, चिखलात न बसणारा बैल. दीड हजार वर्षं नसेल, पण कित्येक पिढ्या त्यांनी त्याच एका गुणासाठी वळू निवडले.

आता याच्या अगदी उलट टोकाला चला. मुंबईला.

गेल्या शतकाच्या पूर्वार्धातली मुंबई. शहर वाढतंय, दूध हवंय, आणि दूध नासतं. त्यामुळे म्हशीच शहरात. गुजरातेतून, उत्तरेतून ताज्या व्यायलेल्या म्हशी रेल्वेने आणायच्या आणि वस्तीतल्या तबेल्यांत दाटीवाटीने बांधायच्या. आठ-दहा महिने दूध काढायचं. म्हैस आटली की तिला पुन्हा गाभण करून पुढच्या वेतापर्यंत भाकड सांभाळणं मुंबईच्या भाड्यात आणि मुंबईच्या वैरणीत परवडायचं नाही. मग ती खाटकाकडे. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, ऐन उमेदीतली, देशातली उत्तमोत्तम म्हैस. तिचं पारडू तर त्याच्याही आधी जायचं, त्यातून हाल्या असेल तर काही दिवसांतच. पारडू नाही म्हणून म्हैस पान्हा सोडत नाही, तर त्यावर 'फुका' नावाचा उपाय होता. म्हशीच्या योनिमार्गात नळीने हवा फुंकायची. वाचूनच अंगावर काटा येतो. गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत असताना दूध सोडलं, त्यामागे हिंदुस्थानातल्या गवळ्यांच्या या प्रकाराबद्दल वाचलेलं हेही एक कारण होतं.

म्हणजे बघा, आमच्याकडे वासरू मुख्य आणि दूध वरकड. मुंबईच्या तबेल्यात दूध मुख्य आणि वासरू वरकड. वरकडसुद्धा नाही, अडचण.

ही अडचण सरकारी पातळीवर सोडवायला निघालेला माणूस म्हणजे दारा खुरोडी. बंगलोरला दुग्धशास्त्र शिकलेला हा पारशी गृहस्थ मुंबई सरकारचा दूध आयुक्त झाला आणि त्याने ठरवलं की म्हशी शहरातून उचलून बाहेर न्यायच्या. गोरेगावच्या डोंगरउताराची सुमारे ३,१६० एकर जमीन त्यासाठी घेतली. त्या जमिनीवर वारल्यांचे पाडे आधीपासून होते, ही गोष्ट पुढे बरीच वर्षं फारशी कुणाला आठवली नाही. १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली आणि १९५१ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. एकूण ३२ गोठे, प्रत्येकात साधारण ५०० म्हशी, म्हणजे सोळा हजारांच्या आसपास. म्हशी मालकांच्याच राहिल्या. सरकारने गोठा, पाणी, वैरण, डॉक्टर द्यायचा, जनावरामागे भाडं घ्यायचं, आणि मालकाने दूध सरकारी डेअरीलाच घालायचं. ते तापवून, थंड करून, बाटल्यांत भरून सकाळी मुंबईभर आरेच्या केंद्रांवर. आपल्यातल्या मुंबईकर काकू-मावश्यांना त्या काचेच्या बाटल्या आणि त्यांची पातळ पत्र्याची झाकणं अजून आठवत असतील.

'टोन्ड' दूध हा प्रकारही खुरोडींचाच. १९४६ मध्ये त्यांनी म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि परदेशातून आलेली बिनसायीची दूध भुकटी मिसळून स्निग्धांश खाली आणला. दूध वाढलं, किंमत उतरली. गवळी दुधात पाणी घालतो ती भेसळ आणि सरकार घालतं ते टोन्ड, असा विनोद त्यावर लोकांनी केला नसेल तरच नवल. पण गरिबाच्या लेकराला परवडणारं, उकळून न बघता पिता येईल असं दूध त्यातून मिळालं हेही खरंच आहे.

आरे हे नुसतं दुधाचं ठिकाण नव्हतं, बघायचं ठिकाण होतं. 'छोटा काश्मीर' बाग, तलाव, शाळांच्या सहली. मोठा आधुनिक गोठा तिकीट काढून किंवा न काढता बघायला जाणं ही महाराष्ट्रातली सवय तिथूनच सुरू झाली असं मला वाटतं. आमची मंचरची वारी त्याच परंपरेतली!

पण म्हशी तेव्हाही बाहेरूनच येत राहिल्या, आणि पारडाचा प्रश्न होता तिथेच राहिला. गोठा स्वच्छ झाला, हिशेब बदलला नाही. खुरोडींचं आणि आणंदच्या कुरियनांचं पटत नसे, ते मुख्यतः यावरच नसलं तरी दोघांच्या विचारातला फरक नेमका इथे दिसतो. १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी संप करून स्वतःचा दूध संघ काढला, तोच पुढे अमूल. त्या वाटेचं म्हणणं असं की म्हैस गावातच, शेतकऱ्याच्याच दारात राहू द्या. तिथे ती बांधावरचं गवत आणि कडबा खाते, भाकड काळही निभतो. शहराकडे जायचं ते फक्त दूध. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार मात्र खुरोडी, त्रिभुवनदास पटेल आणि कुरियन या तिघांना मिळून मिळाला. पुरस्कार देणाऱ्यांनाही कधीकधी गंमत सुचते. पुढे १९७० पासून 'ऑपरेशन फ्लड'ने कुरियनांची वाट देशभर नेली. आरेच्या जमिनीतून चित्रनगरी निघाली, रस्ते निघाले, आणि २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीतून झाडं तोडली तेव्हा नव्या पिढीला आरे हे नाव जंगल म्हणून कळलं. ते दुधाचं नाव होतं हे सांगावं लागलं. असो.

मराठवाड्यात हे वारं उशिरा आणि अर्धवट पोचलं. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, १९६० नंतर महाराष्ट्रात. उदगीरला सरकारी दूध भुकटीचा कारखाना आला, त्या भुकटीचं नाव झालं, आणि तो बंदही पडला. जो दुसरा बदल आला तो मात्र दावणीपर्यंत आला. १९४६ मध्ये गांधीजींबरोबर उरुळीकांचनला आलेले आणि तिथेच राहिलेले मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था काढली. परदेशी वळूंचं गोठवलेलं वीर्य नळकांडीत घालून शेतकऱ्याच्या दारात न्यायचं आणि गावठी गाईपासून दुधाची कालवड काढायची. परभणीच्या कृषी विद्यापीठानेही होल्स्टीन आणि देवणीचा संकर केला आणि त्याला नाव दिलं 'होलदेव'. नाव कुणी सुचवलं माहीत नाही, पण त्या माणसाला माझा नमस्कार.

होलदेवची कालवड दूध चांगलं देई. गोऱ्हा झाला की मात्र पंचाईत. संकरित गोऱ्ह्याला वशिंड जेमतेम, मग जू अडकायचं कुठे? आणि एप्रिलच्या उन्हात तो धापा टाकतो. आमच्या काकांनी असा एक जोड नांगराला धरून पाहिला होता. दुपारी अकराला बैल बाभळीखाली आणि काका बांधावर. तेव्हापासून त्यांचं संकराविषयीचं मत ठरलेलं आहे.

तर आता मंचर. पुणे-नाशिक रस्त्यावर, आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या खोऱ्यात. वर डिंभे धरण. पाणी आहे, हवा आपल्यापेक्षा थंड. देवेंद्र शहा यांच्या पराग मिल्क फूड्सचा हा भाग्यलक्ष्मी डेअरी फार्म २००५ सालचा. कंपनी १९९२ ची. गोठ्यात दोन हजारांच्या वर होल्स्टीन गाई, आणि त्यांचं दूध २०११ पासून 'प्राइड ऑफ काऊज' या नावाने थेट मुंबई-पुण्याच्या घरांत जातं.

सगळ्यात बघण्यासारखं म्हणजे तो फिरता गोल ओटा. एका वेळी ५० गाई चढतात. गाय रांगेतून येते, आपल्या खणात शिरते, ओटा इतका सावकाश फिरतो की तिला कळतही नाही. सड धुतले जातात, यंत्राचे पेले लागतात, दूध नळीतून सरळ थंड टाकीत. माणसाचा हात दुधाला लागत नाही. फेरी पुरी होईपर्यंत धार संपते, पेले गळून पडतात आणि गाय आपली आपण मागे सरकून खाली उतरते. हाकलावं लागत नाही. आमच्याकडे एक गाय दावणीवरून हलवायला दोन माणसं लागतात, म्हणून भाऊ तर हरखूनच गेला होता. खाली रबरी गाद्या, वर पंखे, मुरघास आणि खुराक मापून मिसळलेला. गाय किती चालली, किती रवंथ केलं, माजावर कधी येणार हे संगणक सांगतो. अशा गोठ्यातली गाय दिवसाला वीस लिटरच्या पुढे देते, म्हणजे आमच्या कंधारीचं अख्खं वेत तिला महिन्याभराचं काम.

काका मात्र बराच वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, "ही तर आपली शेवराच हाय की." काळे-पांढरे ठिपके बघून त्यांना देवणी आठवली होती. थोड्या वेळाने परत, "पण वशिंड कुठं गेलं हिचं?"

परतीच्या वाटेवर नारायणगाव गेलं, भाऊ अनुदान आणि कर्जाचं बोलत होता, तेवढ्यात मागच्या सीटवरून काका म्हणाले, "हे समदं ठीक हाय. पण गोऱ्ह्याचं काय करतेत हे लोक?"

उत्तर पशुवैद्याने दिलं, आणि मंचरचं नव्हे तर एकूण धंद्याचं दिलं. जगभर मोठ्या गोठ्यांत वासरू जन्मल्यावर लवकरच आईपासून वेगळं करतात. त्याला चीक आणि दूध बाटलीने पाजतात. कालवड असेल तर ती उद्याची दुधाची गाय. गोऱ्हा असेल तर युरोप-अमेरिकेत तो मांसाला जातो, म्हणजे त्याचाही हिशेब बसतो. आपल्याकडे तो बसत नाही. म्हणून आता अशी वीर्यमात्रा निघालीय की शंभरातल्या नव्वद वेळा कालवडच होते. गोऱ्हा जन्मालाच येऊ द्यायचा नाही. काका ऐकत होते. "म्हणजे आता गाईलाबी मुलगीच पायजे," एवढंच म्हणाले. गाडीत सगळे हसले, पण मला ते वाक्य नंतर बराच वेळ पुरलं.

कारण गोऱ्हा मंचरलाच नको झालाय असं नाही, तो बिलोलीतही नको झालाय. ट्रॅक्टर आला. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, आणि ज्वारीबरोबर कडबा गेला. सोयाबीनच्या भुसकटावर बैलजोडी वर्ष काढत नाही. जोडीचं खाणं आणि सालगड्याचा पगार धरला तर भाड्याचा ट्रॅक्टर स्वस्त पडतो. देशाच्या पशुगणनेतही हे दिसतं. २०१२ मध्ये गोवंशातले नर ६.७९ कोटी होते, २०१९ मध्ये ४.७४ कोटी. सात वर्षांत तीस टक्के घट. गाई त्याच काळात १८ टक्क्यांनी वाढल्या.

त्यातच कायदा आला. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. १९९५ साली विधिमंडळाने ती बैल आणि वळूंनाही लावली आणि त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ मध्ये. या कायद्याच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहिलं गेलंय, मी त्यात पडत नाही. फक्त गोठ्यातला हिशेब सांगतो. पूर्वी थकलेला बैल विकून जे येई त्यात थोडी भर घालून शेतकरी माळेगावच्या यात्रेत खोंडं घ्यायचा. मार्गशीर्षातली खंडोबाची ही यात्रा म्हणजे आमच्या भागातला गुरांचा मोठा बाजार. काका तरुणपणी तिथे आठवडाभर मुक्कामाला असत. (काकूच्या मते फक्त बैलांसाठी नव्हे, लावणीसाठीसुद्धा.) आता म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही, म्हणून नव्या गोऱ्ह्यालाही नाही. मग पोळ्याला ज्याच्या खांद्याला तूप-हळद लावायची त्याची आई तरी कुणी कशाला ठेवावी? कंधारी आणि देवणी टिकवायला सरकारी योजना आहेत, प्रदर्शनं भरतात, बक्षिसं मिळतात. पण ज्या कामासाठी ही जात घडली ते कामच उरलं नसेल तर बक्षिसावर ती किती दिवस जगेल?

दुसरीकडे भावाचंही चूक नाही. सोयाबीनचा भाव त्याच्या हातात नाही, पाऊस नाही, दोन मुलींची शिक्षणं आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ रोख येणारं काहीतरी त्याला हवंय. मी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. एक पाण्याची. दुभती होल्स्टीन उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटर पाणी सहज पिते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आणि लातूर काही आपल्यापासून फार लांब नाही. मांजरेच्या पात्रात मे महिन्यात वाळू असते, तीही हल्ली कमीच. दुसरी भावाची. दूध वाढलं की दर पडतो. २०१७ आणि २०१८ मध्ये शेतकऱ्यांनी रस्त्यावर दूध ओतलेलं आपण टीव्हीवर पाहिलं, आणि २०२४ मध्ये सरकारला गाईच्या दुधाला लिटरमागे अनुदान द्यावं लागलं. मंचरवाल्यांकडे स्वतःचं नाव आहे, थेट घरात जाणारी बाटली आहे. दहा गाईंच्या मालकाकडे फक्त कॅन असतो, आणि कॅन दुपारपर्यंत थांबत नाही.

तो ऐकून घेतो, वाद घालत नाही. आमच्यात तेवढा एक तोच शहाणा.

शेवटी त्याने कर्ज न काढता दोन म्हशी घेतल्या. दूध गावातच जातं, सकाळी चार घरं आणि संध्याकाळी स्टँडवरचं एक हॉटेल. त्यातल्या एकीला हाल्या झालाय, सध्या तरी पोटभर पितोय. कंधारी गाय अजून दावणीला आहे. काकांच्या हट्टापायी तिला कंधारी वळूचीच मात्रा भरलीय, साधी, निवड न केलेली. तिला आठवा महिना लागलाय.